लोकसाहित्य आणि त्याचे सोयरे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसाहित्य म्हणजे नेमकं काय?

जे तोंडातोंडी किंवा बघून-करून एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि जाताना थोडं बदलतं, ते लोकसाहित्य. त्यात कथा आल्या, गाणी आली, म्हणी, कोडी, बडबडगीतं, अंगाईगीतं, शाप, शिव्या, शकुन-अपशकुनाच्या समजुती, मुलांच्या खेळात राज्य कुणावर हे ठरवायच्या ओळीसुद्धा आल्या. ते जुनंच असावं अशी अट नाही. खेड्यातलंच असावं अशी तर नाहीच नाही.

माझी स्वतःची कसोटी एकच आहे: पाठभेद. दोन माणसांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली आणि दोघांनीही "आमच्याकडे अशीच सांगतात" असं ठासून म्हटलं, की खुशाल समजावं, हे लोकसाहित्य. जी गोष्ट सगळ्यांना अक्षरन् अक्षर सारखीच येते, तिच्यामागे बहुधा पाठ्यपुस्तक असतं.

'फोकलोर' हा शब्द कुणी काढला?

विल्यम थॉम्स या इंग्रज गृहस्थाने. 1846 साली त्याने ॲम्ब्रोज मर्टन या टोपणनावाने लंडनच्या 'अथेनियम' साप्ताहिकाला पत्र लिहिलं, ते 22 ऑगस्टच्या अंकात छापून आलं. तोवर इंग्रज या सगळ्याला 'लौकिक पुरातन गोष्टी' अशा अर्थाचं, लॅटिन वळणाचं नाव देत. त्याऐवजी अस्सल सॅक्सन जोडशब्द वापरू या, असं थॉम्सचं म्हणणं. 'फोक' म्हणजे लोक. 'लोर' म्हणजे शिकून-शिकवून आलेली विद्या. इंग्रजीतलं शिकण्याचं क्रियापद त्याच कुळातलं.

म्हणजे मुळात या शब्दात 'साहित्य' नाही, 'विद्या' आहे. ही गोष्ट पुढच्या प्रश्नासाठी ध्यानात ठेवा.

मग मराठीत लोकसाहित्य, लोकवाङ्मय, लोकविद्या, लोकसंस्कृती असे चार-चार शब्द कशाला?

कारण एकाही शब्दात सगळं मावत नाही. 'लोकवाङ्मय' सर्वांत नेमका, पण सर्वांत अरुंद. वाङ्मय म्हणजे वाणीचं बनलेलं, त्यामुळे गीत, कथा, म्हण यांच्यापुरता तो चपखल बसतो आणि नाच किंवा विणकाम आलं की हात टेकतो. 'लोकविद्या' थॉम्सच्या शब्दाचा अर्थ बरोबर पकडतो, पण तो ऐकला की औषधी मुळ्या आणि पाऊसपाण्याचे आडाखे डोळ्यांपुढे येतात, गोष्टी येत नाहीत. 'लोकसंस्कृती' इतका ऐसपैस की त्यात काय नाही ते शोधावं लागतं. हिंदीत 'लोकवार्ता' असा सुबक शब्द आहे. मराठी कानाला मात्र 'वार्ता' म्हटलं की बातमीच आठवते.

राहिला 'लोकसाहित्य'. हा शब्द चालला, रुळला. यात साहित्य म्हणजे ग्रंथ असं मानून काही जण नाक मुरडतात. पण मराठीत साहित्य म्हणजे सामग्रीसुद्धा: सुताराचं साहित्य, पूजेचं साहित्य. त्या अर्थाने पाहिलं तर लोकांच्या हाताशी असलेली सगळी सामग्री ती लोकसाहित्य. ही व्युत्पत्ती नव्हे, माझी सोय आहे. पण चांगली सोय आहे.

'लोक' म्हणजे कोण? अडाणी, गावंढळ माणसं?

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना तसंच वाटायचं. शिकलेले आपण एका बाजूला, 'लोक' दुसऱ्या बाजूला, आणि आपण त्यांचं गोळा करून वहीत लिहायचं. ही शिष्टपणाची भिंत विसाव्या शतकात पडली. ॲलन डंडेस या अमेरिकी अभ्यासकाने सरळ सांगितलं की ज्यांच्यात निदान एक गोष्ट समान आहे असा कुठलाही गट म्हणजे लोक. ती गोष्ट भाषा असेल, धर्म असेल, धंदा असेल. रात्रपाळीच्या परिचारिकांचं लोकसाहित्य असतं, वकिलांचं असतं, वसतिगृहातल्या पोरांचं तर भरघोस असतं. तुम्ही ज्या ज्या गटात आहात, त्या प्रत्येकाचे तुम्ही 'लोक' आहात.

मिथक, पुराणकथा, आख्यायिका, दंतकथा, लोककथा यांत फरक काय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच. थोडं सविस्तर सांगतो.

विल्यम बॅस्कम या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने 1965 मध्ये गद्य कथनांची तीन खणांत वाटणी केली. तिला पुष्कळ अपवाद आहेत, पण सुरुवातीला हाताशी धरायला ती उत्तम. पहिला खण मिथकांचा: सांगणाऱ्याच्या लेखी खरं, पवित्र, आणि काळ फार फार पूर्वीचा, जग आजच्यासारखं नव्हतं तेव्हाचा. सूर्य का उगवतो, मरण कसं आलं, हे सांगणारं. दुसरा खण आख्यायिकांचा: हेही खरं मानलेलं, पण काळ अलीकडचा आणि जग आपल्या ओळखीचं. अमुक राजाने तमुक विहीर का बांधली, या वाड्यात रात्री कोण फिरतं. तिसरा खण लोककथांचा: कल्पित आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. "एक आटपाट नगर होतं" असं म्हटल्यावर ते नकाशात कुणी शोधत नाही.

इथे वाटणी गोष्टीच्या मजकुरावर नाही, सांगणाऱ्याचं तिच्याशी काय नातं आहे यावर आहे. म्हणून एकच गोष्ट एका समाजात मिथक आणि शेजारच्या समाजात मुलांना निजवायची लोककथा असू शकते. गोष्टीतला राक्षस तोच, भीती गेलेली.

ही वाटणी केवळ विद्वानांच्या टेबलावर झालेली नाही. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून 1926 साली लिहिलं की तिथल्या लोकांकडे तीन वेगळे शब्दच आहेत. करमणुकीच्या गोष्टींना 'कुक्वानेबू', खऱ्या मानलेल्या जुन्या हकिकतींना 'लिब्वोग्वो' आणि पवित्र कथांना 'लिलिउ'.

आपल्याकडेही असा भेद जुनाच आहे. अमरकोशात आख्यायिकेला 'उपलब्धार्था' म्हटलंय, म्हणजे जिचा विषय आधीच ठाऊक आहे, घडून गेलेला आहे. आणि कथा म्हणजे 'प्रबंधकल्पना', रचलेली. बाणभट्टाचं 'हर्षचरित' प्रत्यक्ष राजाचं, म्हणून आख्यायिका. 'कादंबरी' कल्पित, म्हणून कथा. तिथे बोलणं ग्रंथांचं चाललं होतं, तोंडी गोष्टींचं नव्हे, हे खरं. पण ग्रिम बंधूंनी जर्मन आख्यायिकांच्या संग्रहात, 1816 मध्ये, जवळजवळ हीच रेघ ओढली: कथा अधिक काव्यमय, आख्यायिका अधिक ऐतिहासिक. इतक्या लांबच्या दोन माणसांना एकाच जागी रेघ ओढावीशी वाटली, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

म्हणजे दंतकथा खोटी असते ना?

नाही. वर्तमानपत्रांनी हा शब्द पार बिघडवलाय. "ही निव्वळ दंतकथा आहे" म्हणजे थाप, असा अर्थ रूढ झालाय. दंतकथा म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट, बस. खरी असेल, नसेल, अर्धी असेल. 'किंवदंती' हा तिचा संस्कृत सोयरा बघा: 'किं वदन्ति', लोक काय म्हणतात? शब्दातच प्रश्न आहे, निकाल नाही.

'मिथक'ची तीच गत. तो इंग्रजी 'मिथ'वरून बेतलेला, आणि 'मिथ'च्या मुळाशी ग्रीक 'मायथॉस', म्हणजे बोल, कथा. मराठीत-हिंदीत तो उच्चाराने 'मिथ्या'च्या मांडीला मांडी लावून बसला आणि उगाच बदनाम झाला. ज्यांना हा वास नको ते 'पुराणकथा' म्हणतात, पण त्यात अठरा पुराणांचा भास होतो. ग्रीकांच्या किंवा माओरींच्या मिथकांना पुराणकथा म्हणायला जीभ अडखळते. मी दोन्ही वापरतो, जिथे जो खटकणार नाही तो.

लोकसमजूत आणि अंधश्रद्धा एकच का?

गोष्ट एक, नजर वेगळी. अंधश्रद्धा हा नेहमी दुसऱ्याच्या समजुतीला दिलेला शब्द आहे. नोंद करताना 'समजूत' लिहावं. वाद घालायचा तर तो दुसऱ्या कागदावर.

परीकथेत परी का नसते?

कारण हे नाव फ्रेंच दरबारी मंडळींचं. सतराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या दिवाणखान्यांत पऱ्यांच्या गोष्टी लिहायची लाट आली होती. ते नाव इंग्रजीत गेलं, तिथून भाषांतराने आपल्याकडे आलं, आणि त्यातला 'परी' हा शब्द आपण फारसीतून घेतलेला. ग्रिम बंधूंच्या गोष्टींत परी शोधू गेलात तर फारशी सापडणार नाही. अभ्यासक त्यांना 'अद्भुतकथा' म्हणतात, ते बरं.

कल्पनाबंध, कथाप्रकार, पाठभेद... ही काय भानगड?

एक उदाहरण घेऊ, सगळ्यांच्या तोंडात असलेलं. म्हातारी लेकीकडे निघाली. जंगलात वाघ आडवा आला. म्हातारी म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." परत येताना ती भोपळ्यात बसते आणि आतून ओरडते, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक."

ही आपली, अगदी घरची गोष्ट वाटते. पण बंगालीतही म्हातारी नातेवाइकांकडून परत निघते, फक्त तिथे दुधी भोपळा गडगडतो. इराणात फारसीतून सांगतात त्या गोष्टीत म्हातारी लेकीकडेच निघालेली, वाटेत लांडगा, बिबळ्या, सिंह, आणि परतीला घरंगळणारा भोपळाच.

या सगळ्या मिळून एक *कथाप्रकार* झाला. अशा कथाप्रकारांची सूची फिनलंडच्या अँटी आर्ने याने 1910 मध्ये केली. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनने ती 1928 आणि 1961 मध्ये वाढवली, जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथरने 2004 मध्ये नव्याने मांडली. तिघांच्या आडनावांवरून ती 'एटीयू' सूची. तिच्यात 122एफ या क्रमांकाचं शीर्षक साधारण असं आहे: 'मी जाडजूड होईपर्यंत थांब'. आपल्या म्हातारीचं वाक्य, क्रमांकासकट.

*कल्पनाबंध* म्हणजे गोष्टीतला सगळ्यांत लहान, पण स्मरणात राहणारा तुकडा. भोपळ्यात लपून प्रवास, हा एक. पक्ष्याच्या पोटात दडवलेला राक्षसाचा प्राण, हा दुसरा. हे तुकडे सुटे होऊन दुसऱ्या गोष्टीत जाऊन बसतात. थॉम्पसनने त्यांचीही सहा खंडांची सूची केली. *पाठभेद* म्हणजे एका सांगणाऱ्याने एका वेळी सांगितलेलं रूप. मराठी म्हातारीचा एक, इराणी म्हातारीचा एक, आणि तुमच्या आजीने वाघाऐवजी कोल्हा घातला असेल तर तिचाही एक.

क्रमांकाची थट्टा करायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तो नसता तर फारसी न येणाऱ्याला ही गोष्ट इराणात शोधताच आली नसती.

मग यातली मूळ, खरी गोष्ट कोणती?

हा प्रश्नच सोडून द्यावा. फिनलंडच्या अभ्यासकांनी सगळे पाठभेद गोळा करून, नकाशावर मांडून, मूळ रूप शोधायची पद्धत बसवली आणि त्यात आयुष्यं घातली. हाती आलं ते बरंचसं अनुमान. थेओडोर बेनफाय या जर्मन पंडिताने 1859 मध्ये पंचतंत्राचं भाषांतर करताना युरोपातल्या बहुतेक कथा भारतातून गेल्या असं मांडलं. पंचतंत्र खरोखर गेलं होतं: सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या अरबी 'कलीला व दिम्ना'त, तिथून पुढे युरोपभर. पण सगळ्याच कथांचं माहेर एक, हा दावा टिकला नाही. आपल्याकडे अजून तो अभिमानाने सांगितला जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पंचतंत्र, पुराणं, जातककथा हे लोकसाहित्य आहे का?

ग्रंथ म्हणून नाही. त्यांत गोष्टी लोकांकडून आल्या आणि पुन्हा लोकांकडे गेल्या, तेवढ्यापुरतं हो. ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालते.

ग्रिम बंधूंचा संग्रह तरी जसाच्या तसा आहे ना?

अजिबात नाही. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. बदल सांगणाऱ्यांनी केला नाही, संपादकांनी केला. आईचं असं रूप त्यांना पाहवेना. 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म ग्रिमचं रंगकाम चालू होतं. शिवाय गोष्टी सांगणारे सगळे शेतकरी नव्हते. पुष्कळ गोष्टी सुशिक्षित घरांतल्या तरुण मुलींनी सांगितल्या, त्यांतल्या काही घराण्यांचं मूळ फ्रेंच.

म्हणून हा संग्रह टाकाऊ ठरत नाही. फक्त तो 'लोकांचा आवाज' म्हणून नव्हे, तर लोकांचा आवाज आणि ग्रिमांची लेखणी म्हणून वाचावा. अगदीच बनवून 'लोकांचं' म्हणून खपवलेल्या मालाला रिचर्ड डॉर्सन या अमेरिकी अभ्यासकाने 1950 मध्ये 'फेकलोर' असं झोंबणारं नाव दिलं. मराठीत 'बनावट लोकसाहित्य' म्हणता येईल, पण त्यात ती चपराक नाही.

लोकगीत पिढ्यान् पिढ्या पाठ करून टिकतं, बरोबर?

लहान गीत, हो. लांबलचक कथागीत मात्र बहुधा पाठ नसतं, ते दरवेळी नव्याने रचलं जातं. मिलमन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक आणि त्याचा शिष्य ॲल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लावियात गायकांची ध्वनिमुद्रणं केली. 1935 मध्ये अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्यांना बारा हजारांवर ओळींचं एक काव्य सांगितलं. या गायकांकडे ठरावीक शब्दबंध आणि ठरावीक प्रसंग तयार असत, त्यांतून ओळ गाता गाता जुळे. मौज अशी की "तेच गाणं, शब्दाला शब्द" असं गायक शपथेवर सांगत, आणि दोन मुद्रणं शेजारी ठेवली की फरक दिसे. गायक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी 'तेच' म्हणजे तीच कथा.

आपल्या भाषेने हे एका शब्दात केव्हाच गुंडाळून ठेवलंय. मराठीत पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणं, आणि पोथ्यांच्या अभ्यासात पाठांतर म्हणजे दुसरा पाठ, बदललेला मजकूर.

म्हण, वाक्प्रचार, उखाणा, कोडं: कसं ओळखायचं?

म्हण पूर्ण वाक्य असते आणि तिला हात लावता येत नाही. "कोळसा उगाळावा तितका काळाच" याचा भूतकाळ करून बघा. वाक्प्रचार मात्र क्रियापदासारखा चालतो: तोंडात बोट घालतो, घातलं, घालशील. काही म्हणी म्हणजे वाळवून ठेवलेल्या गोष्टी. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" म्हटलं की गोष्ट सांगायची गरजच उरत नाही. संस्कृतातले 'न्याय' असेच: कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, याचा झाला काकतालीय न्याय.

उखाणा या शब्दाने कूस बदलली आहे. पूर्वी उखाणा घालणं म्हणजे कोडं घालणं. आज उखाणा म्हटलं की नाव घ्यायचं यमकच समोर येतं. जुन्या पुस्तकात 'उखाणे' दिसले तर आधी कोडी आहेत का ते पाहावं.

व्हॉट्सॲपवर फिरणारे किस्से लोकसाहित्य का?

बरेचसे, हो. यांना शहरी दंतकथा म्हणतात. यान हॅरॉल्ड ब्रुनव्हांडच्या 1981 च्या पुस्तकामुळे हा प्रकार घराघरांत पोचला. त्यातली नावाजलेली गोष्ट म्हणजे रात्री गाडीत घेतलेली आणि उतरायच्या आधीच नाहीशी झालेली प्रवासी मुलगी. ओळखायची खूण अशी की ही गोष्ट सांगणाऱ्याच्या बाबतीत कधीच घडलेली नसते, नेहमी मित्राच्या मित्राच्या बाबतीत. गावाचं नाव मात्र दर वेळी जवळचंच.

जसाच्या तसा पुढे ढकललेला मजकूर माझ्या कसोटीला उतरत नाही, त्याला पाठभेद नाहीत. पण कुणीतरी गाव बदलतं, कुणी शेवटी "माझ्या मावशीच्या शेजारी" घालतं, आणि गाडी रुळावर येते.

लोकसाहित्य कुणाच्या मालकीचं?

कायद्याच्या नजरेत हा अजून भिजत पडलेला विषय. एकच लेखक नसल्याने लेखकाचे हक्क लावायचे कुणाला, इथेच घोडं अडतं. युनेस्कोने 1989 च्या शिफारशीत 'फोकलोर' शब्द वापरला होता. 2003 च्या करारात तो गेला आणि 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' आला. नवा शब्द भारदस्त आहे खरा. आजीची गोष्ट ऐकताना कुणाला आपण अमूर्त काही ऐकतोय असं वाटलं असेल का, कोण जाणे.

मला घरच्यांकडून गोष्टी गोळा करायच्या आहेत. काय जपावं?

फोनवर ध्वनिमुद्रण करा, आणि त्याआधी परवानगी घ्या. कुणी सांगितलं, केव्हा, कुणासमोर, ही गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली, एवढं लगेच लिहा. आठवड्याने आठवत नाही. बोली सुधारू नका. सांगणारं माणूस कुठे हसलं, कुठे थांबलं, हेही टिपा. "बरोबर कसं आहे?" असं विचारू नका, "आणखी कुणी वेगळं सांगतं का?" असं विचारा.

माझी चूक सांगतो. एका आजींकडून मी भोपळ्याची गोष्ट घेतली होती. नात मध्येच म्हणाली, "आजी, काल तू कोल्हा म्हणालीस." आजी म्हणाल्या, "काल कोल्हा होता. आज तो जेवून गेला." टाइप करताना मी ही दोन वाक्यं 'व्यत्यय' समजून गाळली, सवयीने प्राण्यांचा क्रम नेहमीचा लावला, आणि जागा हवी म्हणून मूळ मुद्रण पुसलं. आजी आता नाहीत. ती दोन वाक्यं मला आठवतात, पण त्या दिवशी वाटेत पहिला कोण आडवा आला होता ते आठवत नाही, कागदावर त्या जागी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "वाघ?"